जपानी ‘उन्हाळा सरतोय’ प्लेलिस्ट कशी करायची: कुठलं गाणं कधी, आणि घोळ नेमका कुठे होतो

ऑगस्ट लागला की दरवर्षी कोणीतरी लिंक पाठवतं, जपानी लेट समरची प्लेलिस्ट केलीये, ऐक म्हणून. उघडून बघावं तर पहिलंच गाणं भर जुलैतलं, समुद्र, सायकल, उतारावरून सुसाट खाली, त्याला लागून पावसाचं एक, आणि चौथ्या नंबरला डायरेक्ट बर्फ. गाणी सगळी चांगली असतात, पण एकत्र ऐकताना ऋतू कुठला ते काही केल्या कळत नाही. जपानी पॉपमध्ये उन्हाळा संपण्याचे ते पाच-सहा आठवडे म्हणजे अख्खा वेगळा प्रांत आहे, त्याचे स्वतःचे शब्द आहेत, स्वतःचे किडे, फुलं, ढग आहेत, आणि ते ओळखता आले की यादी आपोआप जमते. म्हणून हे नीट क्रमाने लिहितोय. घाई करू नका, पहिल्या तीन पायऱ्यांनाच जास्त वेळ जातो आणि तो जायलाच हवा.

## 1. आधी कॅलेंडर डोक्यात बसवा

आपली पहिली चूक इथेच होते, कारण आपला उन्हाळा एप्रिल-मेचा, आणि तो संपतो पावसाने. जपानमध्ये उलटं आहे. तिकडचा पावसाळा, ज्याला त्सुयु म्हणतात, तो टोकियोच्या बाजूला साधारण जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या मध्यापर्यंत, आणि तो संपल्यावर खरा उन्हाळा सुरू होतो. म्हणजे छत्री-रिमझिम-चिखल असलेलं गाणं आपल्याला ‘उन्हाळा गेला’ वाटतं, तिकडे ते ‘उन्हाळा यायचाय’ असतं. मी पहिली यादी केली तेव्हा अशी चार गाणी त्यात घातली होती आणि टोकियोत राहणाऱ्या मैत्रिणीने ऐकून एवढंच विचारलं की ही जूनची का घेतलीस.

आता तारखा. 7 किंवा 8 ऑगस्टला रिश्शू, म्हणजे पंचांगातला शरद ऋतू सुरू. बाहेर अंगाची लाही होत असते तरी त्या दिवसापासून शुभेच्छापत्रावरचा मायना बदलतो, ‘भर उन्हाळ्यात कसे आहात’ जाऊन ‘उरलेल्या उकाड्यात कसे आहात’ येतं. या उरलेल्या उकाड्याला झान्शो म्हणतात आणि हा शब्द लिहून ठेवा, पुढे लागेल. मग 13 ते 16 ऑगस्ट बहुतेक ठिकाणी ओबोन, पूर्वज घरी येतात, त्यांच्यासाठी दिवे लावतात, परत पोचवतात, आपल्या पितृपक्षाच्या जवळ जाणारी गोष्ट. पुष्कळ भागांत 31 ऑगस्टला शाळेची सुट्टी संपते. सप्टेंबरात वादळं. 22-23 सप्टेंबरच्या आसपास हिगानचा आठवडा, म्हणजे दिवस-रात्र सारखे होतात तो काळ, आणि तिकडे म्हणच आहे की उकाडा आणि थंडी दोन्ही हिगानपर्यंतच. चंद्र बघायची पौर्णिमा आपल्या भाद्रपद किंवा आश्विन पौर्णिमेच्या दिवशी नाहीतर एखाद दिवस मागेपुढे येते. आणि सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य, किनमोकुसेई फुलतं.

हे किनमोकुसेई काय ते कळल्याशिवाय पुढे जाऊ नका कारण निम्मी शरदातली गाणी त्याच्यावर उभी आहेत. झुडूप आहे, फुलं एवढीशी, रंग प्राजक्ताच्या देठासारखा केशरी, आणि वास असा की झाड दिसायच्या आधी तोच गल्लीच्या वळणावर येऊन भेटतो. आठवडाभरात सगळी गळून खाली केशरी सडा.

चेक: कागदावर 8 ऑगस्ट ते 15 ऑक्टोबर एक रेघ मारा, वरच्या तारखा त्यावर लिहा. ही रेघ समोर नसेल तर पुढे गाणं कुठे ठेवायचं यावर नुसता अंदाजपंचे कारभार होतो.

## 2. शोधायची तयारी

फोनमध्ये जपानी कीबोर्ड टाकून घ्या. रोमन स्पेलिंगने शोधलंत तर तीच तीच वीस गाणी येतात आणि अर्धी ‘कॅफे म्युझिक’ छापाची असतात. जपानी लिपीत ‘नात्सु नो ओवारी’ टाईप करा, म्हणजे उन्हाळ्याचा शेवट, मग ‘बान्का’ म्हणजे सरता उन्हाळा, ‘झान्शो’, ‘कुगात्सु’ म्हणजे सप्टेंबर, आणि ‘किनमोकुसेई’. जपानी येत नसेल तरी चालतं, हे पाच शब्द कुठूनतरी कॉपी करून नोट्समध्ये ठेवले की झालं.

लिरिक्स लागणारच. बऱ्याच जपानी लिरिक्स साइट्सवर मजकूर कॉपी होत नाही, मग दुसऱ्या फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करा. मशीनच्या भाषांतरावर आंधळा विश्वास मात्र नको. इनोउए योसुई यांच्या ‘शोनेन जिदाई’ (1990) मध्ये अगदी पहिल्या ओळीत, उन्हाळा सरला म्हटल्याबरोबर, ‘काझे-आझामी’ असा शब्द येतो. काझे म्हणजे वारा, आझामी हे काटेरी फूल, पण जोडशब्द डिक्शनरीत नाही, त्यांनी स्वतः तयार केलेला आहे. मशीन तिथे काहीतरी ठोकून देतं आणि आपण त्या नावाचं फूल शोधत बसतो. असा शब्द आला तर तो तसाच सोडून ऐका, चाल आणि आवाज सांगतात काय आहे ते.

सावधान: एकाच नावाची गाणी ढीगभर आहेत. मात्सुदा सेइको यांचं ‘काझे ताचिनु’ (1981) शोधलंत की त्याच नावाचा 2013 चा अ‍ॅनिमेशन सिनेमा पुढे येतो आणि त्यातलं गाणं वेगळंच आहे, आराई युमी यांचं ‘हिकोकी-गुमो’. किनमोकुसेई नावाचा तर अख्खा बँड आहे. गाणं, गायक, वर्ष, तिन्ही जुळवूनच यादीत टाका.

## 3. लिरिक्स वाचा आणि हवा ओळखा

मुख्य काम हे. नाव बघून गाणं निवडू नका, रिलीजची तारीख बघून तर अजिबात नको. फुजिफॅब्रिक या बँडचं ‘वाकामोनो नो सुबेते’ हे जपानमधलं उन्हाळा संपण्याचं सगळ्यात लाडकं गाणं म्हणता येईल असं, आणि ते निघालं नोव्हेंबर 2007 मध्ये. यामाशिता तात्सुरो यांचं ‘सायोनारा नात्सु नो हि’, उन्हाळ्याच्या दिवसांनो निरोप, ते मे 1991 चं. स्पिट्झ या बँडचं ‘काएदे’ म्हणजे मेपल, नावावरून पक्कं शरदातलं वाटतं, निघालं जुलै 1998 ला आणि आतमध्ये कुठल्याही ऋतूचं नाव नाही. मी ते खूप ऐकतो पण या यादीत घेत नाही.

मग बघायचं काय? तीन गोष्टी, याच क्रमाने.

पहिली, हवेचा शब्द. ढीग घातल्यासारखे उंच पांढरे ढग, न्यूदोगुमो, म्हणजे अजून भर उन्हाळा. माशाच्या खवल्यांसारखे छोटे छोटे विखुरलेले, इवाशिगुमो, म्हणजे शरद आलाय. मिनमिन ओरडणारी सिकाडा (झाडावर बसून किर्र करणारा किडा) भर उन्हाळ्यातली, संध्याकाळी कानाकानात घुमणारी हिगुराशी नावाची सिकाडा सरत्या उन्हाळ्यातली, आणि रात्री सुझुमुशीसारखे किडे वाजायला लागले की सप्टेंबर. लांब बाह्यांचा शर्ट, रात्रीचा गार वारा, लांब पडलेली सावली, हे सगळे खुणेचे शब्द.

हायकू वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट. हायकूच्या ऋतुकोशात कलिंगड आणि मॉर्निंग ग्लोरी शरदात मोडतात, कारण तो कोश जुन्या पंचांगाने चालतो. पॉप गाण्यात दोन्ही सरळसरळ उन्हाळा असतो. तिथला नियम इथे लावू नका.

दुसरी, काळ. हवेचा शब्द आत्ताचा आहे की आठवणीतला? मोरियामा नाओतारो यांच्या ‘नात्सु नो ओवारी’ (2003) मध्ये मिझुबाशो नावाचं पाणथळीतलं पांढरं फूल येतं, जे फुलतं वसंताच्या शेवटी नाहीतर उन्हाळ्याच्या अगदी तोंडाला. नुसता शब्द बघितला तर गाणं मे-जूनचं ठरेल. पण ते फूल आठवणीतल्या बांधावर डोलतंय, आणि आत्ता उन्हाळा संपलाय, तेव्हासारखाच वारा सुटलाय म्हणून ती व्यक्ती आठवतीये. आठवण जूनची, गाणं ऑगस्टच्या शेवटाचं. आयम्योनच्या ‘मेरीगोल्ड’मध्येही (ऑगस्ट 2018) गवताच्या टोपीतली ती मुलगी मागे गेलेल्या उन्हाळ्यातली आहे, म्हणूनच ते या यादीच्या सुरुवातीला चालतं.

तिसरी, दिवसाची वेळ. हे कोणी बघतच नाही. ‘वाकामोनो नो सुबेते’ची सुरुवात ऐका. टीव्हीवर हवामानवाला सांगतो की भर उन्हाळ्याचा जोर ओसरला, तरी शहराची धांदल काही थांबल्यासारखी वाटत नाही. आणि मग संध्याकाळी पाचची घंटा. जपानमध्ये गावोगावी खांबावर कर्णे असतात, संध्याकाळी ठरलेल्या वेळी त्यावर एखादी धून वाजते, पोरांनो घरी जा अशी. ती रोजच वाजते, पण त्या दिवशी ती का कोण जाणे छातीत घुमते. शेवटी यंदाचे शेवटचे फटाके. शिमुरा मासाहिको यांनी लिहिलं आणि गायलं, 2009 च्या डिसेंबरात ते गेले तेव्हा जेमतेम 29 वर्षांचे होते. या गाण्यात दुपार नाहीच, पाच वाजल्यापासून रात्रीपर्यंतचाच पट्टा आहे, त्यामुळे ते सकाळी बसमध्ये लावलंत तर निम्मं वाया जातं.

चेक: प्रत्येक गाण्यापुढे एक ओळ लिहा, ‘हवा अमुक, आत्ताची की आठवण, वेळ तमुक’. ओळ लिहिता येत नसेल तर ते गाणं सध्या बाजूला.

## 4. चार कप्पे करा

रेघेवर आता गाणी ठेवायची.

8 ते 16 ऑगस्टचा पहिला कप्पा लहान ठेवा, दोनच गाणी. उकाडा आहेच, पण कुठेतरी थकवा आलाय. दाओको आणि योनेझु केनशी यांचं ‘उचिआगे हानाबी’ (ऑगस्ट 2017) इथलं, फटाके आकाशात आहेत पण तो किनारा आठवणीतला आहे. सोबत ‘मेरीगोल्ड’.

17 ते 31 ऑगस्ट हा सगळ्यात भरलेला कप्पा, आणि सगळ्यात धोक्याचा, कारण इथली गाणी सगळीच रडवतात. ‘वाकामोनो नो सुबेते’ने हा कप्पा उघडायचा. मग झोनचं ‘सीक्रेट बेस’ (8 ऑगस्ट 2001), साप्पोरोच्या मुलींचा बँड, सुट्टी संपताना होणारी ताटातूट आणि दहा वर्षांनी ऑगस्टातच भेटू असं वचन. स्पिट्झचं ‘नात्सु गा ओवारु’ (1993), ‘शोनेन जिदाई’, ‘सायोनारा नात्सु नो हि’, ज्यात संध्याकाळच्या सरीतला पोहण्याचा तलाव आणि मग शेवटचं इंद्रधनुष्य, आणि ‘नात्सु नो ओवारी’.

1 सप्टेंबर ते हिगान हा तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर. ताकेउची मारिया यांचं ‘सप्टेंबर’ (1979), शब्द मात्सुमोतो ताकाशी, संगीत हायाशी तेत्सुजी. चाल नाचरी आहे म्हणून लोक पार्टीच्या यादीत टाकतात. शब्द वाचा. मोहरीच्या रंगाचा शर्ट घातलेल्या त्याच्या मागे मागे ती चाललीये, तो दुसरीकडे कोणाला तरी भेटायला निघालाय, आणि त्याच्याकडून घेतलेली डिक्शनरी ती उद्या परत देणार आहे, त्यातला एकच शब्द कापून काढून, ‘लव्ह’. पानात भोक पडलेली डिक्शनरी परत करणं, एवढी छोटी गोष्ट आहे आणि सगळं नातं त्यात आलंय.

इथेच आराई युमी यांचं ‘बान्का’, 1976 च्या ‘14-बानमे नो त्सुकी’ अल्बमचं शेवटचं गाणं. यात सूर्यास्ताचा लाल पिऊन पेटल्यासारखं दिसणारं हागेइतो येतं. हे शोभेचं झाड म्हणजे आपल्या लाल माठाचं सख्खं भावंड, आपण ज्याची भाजी करतो त्याच कुळातलं. मग आकाशाचा निळा फिकट पाण्यासारखा होतो, तांबूस रंग बदलत जातो. अख्ख्या गाण्यात रंग बदलण्यापलीकडे फारसं काही घडत नाही, आणि त्या रंगांतच कळतं की काहीतरी मागे राहून गेलंय. ते ऐकताना लाईट लावू नका, बाहेरचा उजेड जाईपर्यंत थांबा.

मग ऑफकोर्स या बँडचं ‘आकि नो केहाई’ (1977), शरदाची चाहूल, बंदर दिसणाऱ्या टेकडीवरची बाग, बहुतेक जण ती योकोहामाची धरतात. यात सोडून जाणारा स्वतःच गातोय. जपानीत ‘आकि’ म्हणजे शरद, आणि उच्चाराने ‘आकि’ म्हणजे मन भरून जाणं, कंटाळणंही, जुन्या कवितेपासून हा श्लेष चालत आलाय. तो माहीत असला की नाव ऐकताच पोटात खड्डा पडतो.

हिगान ते 15 ऑक्टोबर, चौथा. ‘काझे ताचिनु’, शब्द मात्सुमोतो, संगीत ओताकि एइइचि. फुजिफॅब्रिकचं ‘आकाकिइरो नो किनमोकुसेई’ (सप्टेंबर 2004), त्यांच्या चार ऋतूंच्या चार सिंगल्समधलं शरदाचं, घरी परतताना तो वास येतो आणि काही कारण नसताना जीव कासावीस होतो. आणि किनोको तेइकोकु या बँडचं ‘किनमोकुसेई नो योरु’ (2018).

सावधान: यामागुचि मोमोए यांचं ‘कोस्मोस’ (1977) इथे टाकायचा मोह प्रत्येकाला होतो. साडा मासाशी यांनी लिहिलेलं, लग्नाआधी आईजवळ बसलेल्या मुलीचं गाणं, कोस्मोसची फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरचीच. पण आत कोहारुबियोरी हा शब्द आहे, आणि तो थंडी सुरू झाल्यावर मधेच येणाऱ्या उबदार दिवसासाठी वापरतात, म्हणजे नोव्हेंबर. गाणं अप्रतिम आहे, पण या यादीत नाही, पुढच्या यादीत पहिलं.

## 5. व्हर्जन तपासा

यामाशिता यांनी 2022 मध्ये मुलाखतीत सांगितलं होतं की स्ट्रीमिंग बहुधा मरेपर्यंत करणार नाही. म्हणजे ‘सायोनारा नात्सु नो हि’ शोधल्यावर अ‍ॅपमध्ये जे येतं ते बहुतेक दुसऱ्या कोणीतरी गायलेलं, नाहीतर कराओके, नाहीतर म्युझिक बॉक्सवरची टिणटिण. मूळ गाणं ‘आर्टिझन’ (1991) या अल्बमवर आहे. सीडी मिळाली तर घ्या, नाही मिळाली तर जागा रिकामी सोडा, टिणटिण नको.

‘सीक्रेट बेस’ची दोन रूपं फिरतात. 2001 चं मूळ, आणि 2011 च्या ‘आनोहाना’ या अ‍ॅनिमेसाठी तिघी व्हॉइस अ‍ॅक्ट्रेसनी गायलेलं. अ‍ॅनिमे बघितलेल्यांना दुसरं जवळचं वाटणार, वाटू दे, पण यादीत एकच ठेवा. मी मूळ ठेवतो कारण त्या आवाजात शाळकरी कच्चेपणा खरा आहे.

लाईव्ह व्हर्जन टाळा. मधे टाळ्या वाजल्या की आपण स्टेडियममध्ये जातो, रस्त्यावरची संध्याकाळ सुटते.

## 6. क्रम लावा

कप्प्यांचा क्रम तारखेचाच, तो मोडायचा नाही. शफल बंद. कप्प्याच्या आतला क्रम मात्र कानाने लावायचा. सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘सीक्रेट बेस’, ‘शोनेन जिदाई’, ‘नात्सु नो ओवारी’ ही तीन एकापाठोपाठ, तिसऱ्याला कान थकलेले असतात आणि मोरियामांचा तो उंच निसटता आवाज नुसता वरून जातो. माझा क्रम असा: वाकामोनो नो सुबेते, सीक्रेट बेस, नात्सु गा ओवारु, शोनेन जिदाई, सायोनारा नात्सु नो हि, नात्सु नो ओवारी, आणि त्याला लागून लगेच ‘सप्टेंबर’. त्या नाचऱ्या ठेक्याने महिना बदलल्याचं आपोआप कळतं, हा जोड बिघडवू नका. तिसऱ्या कप्प्यात ‘बान्का’ आधी आणि ‘आकि नो केहाई’ नंतर, कारण आधी रंग जातो आणि मग माणूस.

क्रॉसफेड, म्हणजे एका गाण्याच्या शेवटात पुढचं मिसळण्याचं सेटिंग, बंद करा. ‘बान्का’नंतरची शांतता हवीच आहे. आवाज सारखा करण्याचं सेटिंग मात्र चालू ठेवा, सत्तरच्या दशकातली रेकॉर्डिंग्ज बारीक आणि नंतरची दणदणीत असतात, दर गाण्याला व्हॉल्यूम खालीवर करावा लागला तर सगळी लय जाते.

एकूण चौदा गाणी होतात, तासाभराच्या थोडं वर. वीसच्या पुढे जाऊ नका.

## 7. ऐकून बघा आणि काढा

संध्याकाळी पावणेसहाला लावा, चालत, हेडफोनवर. पुण्या-मुंबईत तेव्हा गणपतीचे मांडव, ढोलाची प्रॅक्टिस, वर पाऊस, हवा काही जुळत नाही, म्हणून पहिल्यांदा बघताना डोळ्यासमोर ती रेघ ठेवा, बाहेरचं आभाळ नाही. ऐकताना फक्त एक बघायचं, कुठल्या गाण्याला आपण मागच्या तारखेत फेकले गेलो. जिथे तसं झालं ते गाणं आधी एक कप्पा मागे सरकवा, तिथेही नाही बसलं तरच काढा.

जपानमध्ये राहणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. होक्काइदोत असाल तर शाळा ऑगस्टमध्येच सुरू होतात, तेव्हा सगळे कप्पे आठवडा-दोन आठवडे अलीकडे घ्या. टोकियो-ओसाकाकडे हल्ली सप्टेंबरमध्येही घामाच्या धारा असतात, तेव्हा तिसरा कप्पा रात्री गार वारा लागेपर्यंत उघडू नका. आणि चौथ्या कप्प्यासाठी तर तारीख बघायचीच गरज नाही. स्टेशनवरून घरी येताना वळणावर तो केशरी वास आला की त्याच दिवशी लावा, कारण एक जोराचा पाऊस झाला की फुलं जातात.